डॉमिनिकाला यायचं का, असं विचारलंत म्हणून

नवऱ्याला डॉमिनिकातल्या, म्हणजे कॅरिबियनमधल्या या छोट्या बेटावरच्या, रुग्णालयात नोकरी मिळतेय, मुलगी 9 वर्षांची आहे, 'मारिया' वादळाबद्दल वाचून धीर होत नाही, यावं का, असं तुम्ही विचारलंत. वाचलं आणि दोन रात्री झोप लागली नाही. ते वादळ आलं तेव्हा, 2017 साली, माझी मुलगीही 9 वर्षांची होती आणि नवरा इथल्या राजधानीत, रोझोत, डॉक्टर होता.

व्हिसा, कामाचा परवाना हे सगळं सरकारी कागदांत सापडेल. मी एवढंच सांगेन, पत्त्यावर 'कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनिका' असं पूर्ण लिहायला सांगा. नाहीतर पाकीट डॉमिनिकन रिपब्लिकला जातं. तो वेगळा देश, वेगळी भाषा. आमचं एक पाकीट तिकडे गेलं ते परत आलंच नाही. त्यात मुलीचे दाखले होते. त्याबद्दल पुढे लिहिते.

मारिया 18 सप्टेंबरच्या रात्री आलं. आम्ही तिघं न्हाणीघरात बसलो होतो, दाराला पाठ लावून. छप्पर गेलं तेव्हा आवाज ऐकू आला नाही, नुसता अंगावर पाऊस आला. पंतप्रधानांच्या घराचंही छप्पर त्याच रात्री उडालं. सकाळी बाहेर आलो तर डोंगर तपकिरी. मी श्रीवर्धनची, पावसाळ्यातलं कोकण पाहिलेलं, तरी इतकं हिरवं बेट मी कुठे पाहिलं नव्हतं. आणि आता झाडावर एक पान नाही. पलीकडच्या टेकडीवर घरं आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. जेमतेम 70,000 वस्तीच्या देशात 65 माणसं गेली किंवा सापडली नाहीत. नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सव्वादोनपट.

शेजारच्या आजींनी 1979 चं 'डेव्हिड' पाहिलेलं. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. त्या कुठलीही गोष्ट डेव्हिडच्या आधीची की नंतरची असं सांगतात. दुसऱ्या दिवशी त्या मोडलेल्या फळ्यांतून खिळे उपटून दगडावर ठोकून सरळ करत बसल्या होत्या. मग माणसं जमली. इथल्या क्रेओल बोलीत त्याला 'कूदमें' म्हणतात. आपल्याकडे लावणीला सावड घालतात तेच. आज तुझं छप्पर, उद्या माझं, पैशाचा प्रश्न नाही. केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, पण जमिनीखालचं दशीन शिल्लक होतं. दशीन म्हणजे आपला अळू. त्याचा कांदा उकडून ज्याच्या घरी काम चाललंय तिथे सगळे जेवायचे. हे लोक कोण आहेत, हे मला तिथे कळलं.

आणि नवव्या दिवशी मी मुलीला घेऊन बोटीत बसले. नवरा थांबला, रुग्णालयात माणसं हवी होती. आजी धक्क्यापर्यंत आल्या नाहीत.

पुण्यातल्या शाळेनं मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागितला. डॉमिनिकातल्या शाळेचं छप्पर गेलेलं, रजिस्टर चिखलात. मी वादळाचे फोटो दाखवले, मुख्याध्यापकांचं हातानं लिहिलेलं पत्र दाखवलं. कारकुनानं अर्जावर 'डॉमिनिकन रिपब्लिक' लिहिलं, मी दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाला, एकच ते. चौथीतल्या मुलीला तिसरीत बसवलं, आणि त्या कागदावर मी सही केली. इतकी वर्षं झाली, ती सही डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या मुलीनं ती रात्र काढली, तिला मी सांगितलं की तू मागे पडलीस. ती वर्षभर वर्गात वादळाबद्दल एक शब्द बोलली नाही.

2018 च्या डिसेंबरला परतलो. आजींच्या घरावर नवं चौपाखी छप्पर होतं. इथे आता तसंच बांधायला सांगतात, वाऱ्याला पकड मिळत नाही म्हणून, आणि प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीला बांधतात. मारियानंतर पाच दिवसांनी पंतप्रधान संयुक्त राष्ट्रांत बोलले होते, हवामानाला तोंड देईल असा जगातला पहिला देश आम्ही उभा करू. मला ते आजींच्या खिळ्यांवरून खरं वाटलं. आजींनी मला जवळ घेतलं, दशीनच्या पानांचं कॅलालू वाढलं. पण छपराची गोष्ट सांगताना मध्येच थांबून म्हणाल्या, तू तेव्हा नव्हतीस ना. रागानं नाही. अजूनही म्हणतात.

3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनवर गेलं. आमची सुपारीची वाडी झोपली, बाबांनी लावलेलं एकेक झाड. विमानं बंद होती. दोन्ही घरांची छपरं उडाली, आणि दोन्ही चढवताना मी दुसरीकडे होते.

एकटेपणाचं विचारलंत. तो येतो, पुण्यातही येतो. तो आला म्हणून थांबू नका.

मुलीचे सगळे दाखले दरवर्षी स्कॅन करून बहिणीकडे पाठवा. 1 जूनला वादळांचा मोसम सुरू होतो, त्याच्या आत पाण्याची पिंपं भरा. आणि या. खरंच या. पण निघण्याआधी नवऱ्याशी एकदा बसून बोला, की वादळानंतर बोट आली तर कोण चढणार आणि कोण थांबणार. आम्ही ते बोललो नव्हतो. अजूनही बोललेलो नाही.