त्या सहा न्यायमूर्तींबद्दलही लिही

प्रिय विद्यार्थिमित्रा,

घटनेच्या ‘मूलभूत चौकटी’वरचा तुझा लेख वाचला. संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा केशवानंद भारती निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला, एवढं सांगून तू थेट जयजयकाराकडे वळलास. विरोधात गेलेल्या त्या सहा जणांना एक ओळही दिली नाहीस. केरळच्या जमीन सुधारणांवरून वाद पेटला होता. त्या सहांच्या बाजूने विचारता येतं: लोकांनी निवडून दिलेल्या संसदेने दोन तृतीयांश बहुमताने केलेली दुरुस्ती न्यायाधीशांनी का अडवायची? घटनादुरुस्तीचा अधिकार देणाऱ्या कलम ३६८ मध्ये तर ‘मूलभूत चौकट’ हे शब्दच नाहीत. हे प्रश्न खरे आहेत. त्यांना बगल दिलीस तर लेख पहिल्याच उलटतपासणीत ढासळेल.

न्या. यशवंत चंद्रचूडांची निकालपत्रं ओळीने वाच. १९७३ मध्ये ते त्या सहांत होते. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती झाली: पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर, चालू अपिलासकट! नोव्हेंबरमध्ये चंद्रचूडांनी, ज्या निकालाला स्वतः विरोध केला होता तोच बंधनकारक मानून, ती तरतूद रद्द ठरवली. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीवर कात्री चालवली. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं त्या दुरुस्तीत लिहिलं होतं. ज्याला मर्यादित अधिकार मिळाला आहे, त्याला तोच वापरून तो अमर्याद करून घेता येत नाही, हा त्यांचा तर्क मला आजही बिनतोड वाटतो.

मात्र त्यांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. आणीबाणीत डांबलेल्यांना अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न असलेल्या १९७६ च्या हेबियस कॉर्पस खटल्यात ते सरकारच्या बाजूने कौल देणाऱ्या बहुमतात होते. एकटे विरोधात गेले ते न्या. खन्ना, १९७३ चा निकालही त्यांच्याच मतावर फिरला होता.

माझं मत स्पष्ट आहे. १९७३ मध्ये मूलभूत चौकटीचा सिद्धांत नुसता मांडला गेला. त्याची गरज पटवून दिली ती १९७५-७६ च्या संसदेने. म्हणून तुझ्या लेखाचा भर त्या दोन वर्षांवर हवा.

आणि सुरुवात १९६५ च्या सज्जन सिंग खटल्यापासून कर. घटनेचं मूलभूत वैशिष्ट्य बदललं तर ती दुरुस्ती, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणं, असं न्या. जनार्दन मुधोळकरांनी तिथे विचारलं आणि उत्तर खुलं सोडलं. नवा मसुदा सहा न्यायमूर्तींच्या परिच्छेदासह पाठव, लगेच वाचतो.

तुझा स्नेहांकित