पॉलिसी राहू द्या गुरुजी, आधी मुलाचं पालकत्व कागदावर आणा

परभणीहून एका रिटायर्ड जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलंय. वय 66, मूळ पेन्शन 40 हजार. मुलगा 27 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, मुलगी पुण्यात नोकरीला. एजंट म्हणतोय वर्षाला 2 लाख असे 5 वर्षं भरा, दहाव्या वर्षी 14 लाख मिळतील, मुलाचं भविष्य सेफ. घ्यावी का, एवढंच विचारलंय. शेवटी लिहिलंय, "बाकी काळजी नाही, पुतण्याच्या नावानं मुखत्यारपत्र केलंय अन् एफडी मुलाच्याच नावावर आहेत."

पॉलिसी नको. 10 लाखाचे 14 म्हणजे वर्षाला सव्वाचार टक्क्याच्या आसपास, पोस्टाची सिनियर सिटिझन स्कीम सध्या 8.2 देते. 66 व्या वर्षी असलं काही गळ्यात मारणाऱ्याला घरात बसवू सुद्धा नका.

मला झोप उडवणारी ती शेवटची ओळ आहे. गुरुजी, मुखत्यारपत्र तुम्ही गेलात त्याच दिवशी संपतं. पुतण्या भला माणूस असेल, पण त्याच्या हातात तेव्हा नुसता कागद राहील. आणि मुलगा 18 चा झाला तेव्हापासून कायद्यानं तुम्ही सुद्धा त्याचे पालक नाहीत, हे बहुतेक आईवडिलांना कुणी सांगतच नाही. एफडी तो लहान असताना केल्या असतील, आता बँक सही त्याची मागणार, ती तो करणार कशी?

याच्यासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात लोकल लेव्हल कमिटी असते, अध्यक्ष कलेक्टर. तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज आत्ता तुम्हीच करा. नेमणूक झाली की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढं दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, तेवढा त्रास सोसा. तुमच्यानंतर मुलीला नव्यानं अर्ज करावा लागेल, म्हणून तिच्याशी आत्ताच मोकळं बोला, तिची तयारी असेल तर मृत्युपत्रात तसं लिहून ठेवा. नेमणूक तरी कमिटीच करते, पण तुमची इच्छा लेखी असलेली बरी. शेत असेल तर तेही मृत्युपत्रात घाला, मुलाच्या नावावर थेट करू नका, त्याच्यासाठी ट्रस्ट, म्हणजे विश्वस्तांनी त्याच्या वतीनं सांभाळायची व्यवस्था, करून त्यात द्या. साक्षीदार दोन, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत, पुतण्या पण नको.

आता खरा पैसा कुठं आहे बघा. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते, ती 40 हजार म्हणजे पगार 80 हजार धरू, त्याचे 30 टक्के, म्हणजे 24 हजार आणि वर महागाई भत्ता, एवढी फॅमिली पेन्शन तुमच्या पश्चात आधी ताईंना, म्हणजे तुमच्या पत्नीला, आणि त्यांच्यानंतर कमावू न शकणाऱ्या मुलाला आयुष्यभर मिळू शकते. वर्षाचे जवळपास 2.9 लाख होतात, एजंटचे 14 लाख या हिशेबानं पाच वर्षांत संपतात! पण त्यासाठी मुलाचं नाव आणि दिव्यांग प्रमाणपत्र तुमच्या पेन्शनच्या कागदात पाहिजे, आणि रक्कम त्याच्या वतीनं घ्यायला पालक पाहिजे. नाव लागलंय का ते पत्रात लिहिलेलं नाही. पंचायत समितीत जाऊन तुमची पेन्शनची फाईल उघडून बघा आणि नाव नसेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्या.