नॅसवर 600 जीबी डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, सगळे स्नॅपशॉट उडवू का?

सगळे उडवू नका, निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतंय की सिनॉलॉजी कंपनीचा दोन बे चा नॅस (नेटवर्कला जोडलेला, दोन डिस्क बसणारा डबा), 4 टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा), व्हॉल्यूम बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा, दर तासाला स्नॅपशॉट (फोल्डरची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) आणि रिटेन्शन, म्हणजे जुने स्नॅपशॉट कधी काढायचे याचा नियम, काहीच लावलेलं नाही, शिवाय त्याच डब्यावर दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगपण चालू आहे. जुने लग्नाचे व्हिडिओ 600 जीबी डिलीट केले, रिसायकल बिनपण रिकामी केली, आणि स्टोरेज मॅनेजरमधला आकडा जागचा हलला नाही. नॅस बिघडलेला नाही, तो सांगितलेलं कामच करतोय. तुम्ही फाइल डिलीट केली ती आजच्या फोल्डरमधून, कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती आहेच, आणि जोपर्यंत एकतरी स्नॅपशॉट त्या ब्लॉकला, म्हणजे डिस्कवरच्या त्या तुकड्याला, धरून आहे तोपर्यंत ती जागा सुटत नाही.

इथे बहुतेक लोक फसतात. ते यादीतला सगळ्यात जुना एक स्नॅपशॉट डिलीट करतात, जागा मिळत नाही, मग अजून एक करतात, परत काही नाही, आणि मग वैतागून सगळेच उडवतात. सामायिक सातबाऱ्यासारखं आहे हे, एका वारसाने सही दिली म्हणून जमीन सुटत नाही, नाव लागलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. तुमचे 600 जीबी महिनाभर तिथे होते आणि दर तासाला स्नॅपशॉट होता, म्हणजे सातशेच्या वर स्नॅपशॉट त्या ब्लॉकवर नाव लावून बसलेत. एकेकाची साइज बघायला गेलात तर प्रत्येकाची साइज जवळजवळ शून्य दिसेल, कारण फक्त त्या एकट्याचंच असं त्यात काहीच नाही, सगळं सामायिक आहे. स्नॅपशॉट रेप्लिकेशन पॅकेज उघडा, फोल्डर निवडा, स्नॅपशॉट लिस्टमध्ये जाऊन एकच नाही तर सलग पट्टाच्या पट्टा सिलेक्ट करा आणि साइज कॅल्क्युलेट करायला सांगा, मग खरा आकडा येतो की एवढे मिळून गेले तर किती जागा सुटेल. वेळ लागतो त्याला, चहा पिऊन या. झेडएफएसवाला (दुसरी तशीच फाइल सिस्टिम) डबा असता तरी हीच गोष्ट, तिथे तर डिस्ट्रॉय कमांडला ड्राय रन म्हणजे नुसतं विचारून बघायची सोय आहे, काही न उडवता किती मोकळं होईल ते सांगतो.

आता खरा मुद्दा. सगळे विचारतात की किती स्नॅपशॉट ठेवावेत, पण स्नॅपशॉटच्या संख्येने जागा फारशी जातच नाही. जागा जाते ती बदलाने. घेतला त्या क्षणी स्नॅपशॉट जवळजवळ फुकट असतो, नंतर मूळ फोल्डरमध्ये जेवढं पुसलं किंवा बदललं जाईल तेवढंच त्याच्या अंगावर चढतं. फॅमिली फोटोंचा फोल्डर घ्या, त्यात भर पडते पण जुनं कोणी बदलत नाही, तिथे वर्षभराचे स्नॅपशॉट ठेवले तरी काही बिघडत नाही. आणि कॅमेऱ्यांचा फोल्डर घ्या. एक कॅमेरा 4 एमबीपीएसवर (सेकंदाला 4 मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण 43 जीबी, दोन कॅमेरे 86. समजा रेकॉर्डिंग 10 दिवसांचं ठेवलंय, म्हणजे चालू फोल्डर 860 जीबीच्या आसपास, तुम्हाला वाटतं एवढंच लागतंय. पण रोज 86 जीबी जुनं पुसलं जातं आणि ते पुसलेलं स्नॅपशॉट धरून ठेवतात, 30 दिवसांचे स्नॅपशॉट असतील तर अजून जवळजवळ 2.6 टीबी! दोन्ही मिळून साडेतीन टीबीच्या जवळ, डीएसएमच्या (सिनॉलॉजीची स्वतःची प्रणाली) मोजणीत साधारण 3.1, आणि 4 टीबीची डिस्क तिथे दिसतेच मुळी 3.6 च्या आसपास. म्हणजे लग्नाचे व्हिडिओ 600 जीबी हा तुमच्याकडचा छोटा चोर आहे, मोठा चोर गेटवर कॅमेरा लावून बसलाय.

म्हणून पहिलं काम, कॅमेऱ्याच्या फोल्डरचं स्नॅपशॉट शेड्यूल बंद करा आणि त्याचे जुने स्नॅपशॉट बिनधास्त उडवा. मागच्या महिन्यातली रिकाम्या पार्किंगची फिल्म कोणाला परत हवी असते. टोरेंट किंवा डाउनलोडच्या फोल्डरलापण तेच. टाइम मशीनच्या (मॅकचा बॅकअप) फोल्डरमध्ये स्वतःच्याच जुन्या आवृत्त्या असतात, त्यावर अजून महिनाभराचे स्नॅपशॉट म्हणजे दुप्पट काम, दोन-तीन दिवसांचे ठेवले तरी भरपूर. डॉकरचा (नॅसवर वेगळी ॲप्स चालवायची सोय) फोल्डर असेल तर त्यात डेटाबेस सतत खरडत असतो, तिथे रोजचा एक, आठवडाभर, बास.

हे सगळं वेगवेगळं लावता यायला हवं असेल तर शेअर्ड फोल्डरच वेगळे करावे लागतात, कारण शेड्यूल शेअर्ड फोल्डरला लागतं, आतल्या फोल्डरला नाही. खूप जणांनी एकच फोल्डर, त्याला नाव "डेटा", आणि त्यातच फोटो, पिक्चर, बँकेची कागदपत्रं, पोरांचे गेम सगळं कोंबलेलं असतं. तसं असेल तर आधी ते फोडा. पण एक लक्षात घ्या, एका शेअर्ड फोल्डरमधून दुसऱ्यात हलवलेली वस्तू जुन्या फोल्डरच्या दृष्टीने डिलीटच झाली, तिथले स्नॅपशॉट ती धरून ठेवणार आणि नवीन ठिकाणीपण ती जागा घेणार, त्यामुळे व्हॉल्यूम आधीच 95 टक्के भरलेला असताना असली हलवाहलवी करायला जाऊ नका, आधी कॅमेऱ्यावाली जागा सुटू दे. आणि असल्या अवस्थेत कोणी डीफ्रॅगमेंट करा (फाइलचे विखुरलेले तुकडे सलग लावा) म्हणून सांगितलं तर ऐकू नका, बीटीआरएफएसमध्ये डीफ्रॅगने स्नॅपशॉटशी सामायिक असलेले ब्लॉक नव्याने लिहिले जातात आणि जागा वाचायची सोडून वाढते.

फोटो आणि कागदपत्रांना मी असं लावलंय: दर तासाचे एक दिवस, रोजचे महिनाभर, आठवड्याचे तीन महिने, महिन्याचे वर्षभर. ॲडव्हान्स्ड रिटेन्शन पॉलिसीमध्ये हे थेट भरता येतं. नुसतं दर तासाला घेत राहिलात आणि रिटेन्शन लावलंच नाही तर एका शेअर्ड फोल्डरला जास्तीत जास्त 1024 ची मर्यादा असते, काही मॉडेलवर त्याहून कमी, आणि 1024 धरली तरी ती साधारण 42 दिवसांत गाठली जाते. मला विचाराल तर घरच्या वापराला तासाचे दिवसभरापलीकडे ठेवण्यात काही अर्थ नाही, आईने चुकून अल्बम डिलीट केला तर ते त्याच दिवशी तरी कळतं नाहीतर सहा महिन्यांनी, मधलं काही नसतं.

लिस्टमध्ये एखाद्यावर लॉकची खूण असेल तर तो रिटेन्शनने जाणार नाही, हाताने लॉक काढावा लागतो. आणि डीएसएम 7.2 पासून इम्यूटेबल (कोणालाही पुसता न येणारे) स्नॅपशॉट आलेत, ते जर चालू केले असतील तर मुदत संपेपर्यंत, 7 ते 30 दिवस जे लावलं असेल ते, तुम्ही ॲडमिन असलात तरी डिलीट करू शकत नाही. सोय चांगली आहे, 2014 मध्ये सिनोलॉकर या रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) सिनॉलॉजीचे आणि 2022 मध्ये डेडबोल्टने क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीचे डबे लॉक केले होते ते आठवलं की पटतं, पण कॅमेऱ्याच्या फोल्डरवर चुकूनही लावू नका, डिस्क भरत राहील आणि तुम्ही नुसते बघत बसाल.

त्यावरून आठवलं, उडवण्याआधी एकदा साइजचे आकडे डोळ्याखालून घाला. फोटोंच्या फोल्डरमध्ये रोज दोन-चार जीबीचा फरक पडतो आणि एका रात्रीत अचानक 400 जीबीचा पडलाय, तुम्ही तर काहीच केलेलं नाही, असं दिसलं तर त्या रात्रीआधीचे स्नॅपशॉट डिलीट करायचा विचारही करू नका. घरातल्या एखाद्या विंडोज पीसीवर रॅन्समवेअर घुसून मॅप केलेल्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइल्स एन्क्रिप्ट करत असेल तर नॅसवर नेमकं असंच दिसतं, कारण प्रत्येक फाइल नव्याने लिहिली जाते. त्या वेळी ते आधीचे स्नॅपशॉटच तुमचे फोटो परत देणार असतात. आधी फोल्डर उघडून दोन-चार फोटो नीट उघडतात का बघा, मग पुढचं.

डिलीट केल्यावर लगेच आकडा बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. बीटीआरएफएस मागच्या मागे सावकाश साफसफाई करतं, सातशे स्नॅपशॉट एकदम काढलेत तर काही तास, छोट्या प्रोसेसरवर रात्रभरसुद्धा. तेवढ्यात डबा हळू चालेल, डिस्कची खडखड ऐकू येईल, चालू दे, रीस्टार्ट मारू नका. स्टोरेज मॅनेजरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये जागा परत मिळवायचं शेड्यूल असतं, ते फक्त रात्री ठराविक तासांपुरतं लावलंय का तेपण बघून घ्या.

दुसऱ्या दिवशीही जागा सुटली नसेल तर दोन ठिकाणी बघा. बाकीच्या शेअर्ड फोल्डरच्या रिसायकल बिन, तुम्ही एकाचीच रिकामी केलेली असणार, प्रत्येक फोल्डरची वेगळी असते. आणि दुसऱ्या नॅसवर रेप्लिकेशन (स्नॅपशॉटची प्रत आपोआप तिकडे पाठवणं) लावलं असेल तर शेवटचा सिंक झालेला स्नॅपशॉट तो पुढच्या वेळच्या फरकासाठी धरून ठेवतो, तो टास्क अर्धवट अडकलेला असेल तर महिन्यापूर्वीचा स्नॅपशॉट तिथेच बसलेला सापडेल. तरी नाही जमलं तर कोणत्या फोल्डरचे किती स्नॅपशॉट आणि कॅल्क्युलेट केल्यावर काय आकडा आला तेवढं खाली लिहा, बघून सांगतो.