लेव्हल खेळणाऱ्यांनीच बनवायच्या, असा गेम धंदा करू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आणि माझा मित्र एक प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम बनवतोय. लेव्हल आम्ही बनवणारच नाही, फक्त एडिटर, म्हणजे लेव्हल बनवायचं साधन देणार. लेव्हल खेळणारेच बनवतील. असा गेम पैसे कमावू शकतो का?"

कमावू शकतो. लोकांनी कमावलेत, तेही बक्कळ. पण 'आम्ही बनवणारच नाही' हे वाचून मी जरा थबकलो. यात यशस्वी झालेल्यांपैकी नुसता एडिटर पुढे करून हात झटकलेला एकही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

मी पुण्यात मोबाइल गेमच्या लेव्हल डिझाइनचं काम करतो. काही वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे आम्ही अगदी तुमच्यासारखाच विचार करून एका कोडी गेमला एडिटर जोडला. आमचा हिशोब सोपा होता: लेव्हल बनवायला आमची चार माणसं राबतात, ते काम लोक फुकट करतील. पहिल्या आठवड्यात आलेल्या लेव्हल मी स्वतः एकेक उघडून बघितल्या. निम्म्या रिकाम्या. काहींमध्ये नुसती नाण्यांची रांग, चालत जा आणि गोळा करा. एकाने विटा रचून मुलीचं नाव लिहिलं होतं, बाजूला बदाम. खेळण्यासारख्या लेव्हल दोन हातांच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातल्या बहुतेक आमच्याच टेस्टिंगवाल्या पोरांच्या निघाल्या. दोन महिन्यांनी ते बटण मेनूतून गुपचूप काढलं.

आमचं चुकलं कुठे, ते मला नंतर माझ्याच अनुभवातून कळलं. सुपर मारिओ मेकर २ हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा, मारिओच्या लेव्हल आपणच बनवायचा गेम. त्यात मी एक लेव्हल बनवली. दोन रविवार गेले. त्या गेमचा एक नियम आहे: आपली लेव्हल आधी आपण स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करून दाखवायची, तरच ती अपलोड होते. स्वतःच रचलेला सापळा चुकवता चुकवता नाकीनऊ आले. शेवटी एकदाची चढवली आणि दर अर्ध्या तासाने बघत बसलो, कुणी खेळलं का. आधी एक जण. मग चार. खेळणारे जिथे मेले तिथे लाल फुल्या उमटतात, आणि माझ्या लेव्हलमध्ये दुसऱ्या खड्ड्यापाशी फुल्यांचा नुसता ढीग. म्हणजे खड्डा जरा जास्तच रुंद झाला होता. पण मला काय आनंद झाला! माझ्या खड्ड्यात जपानमधला कुणीतरी पडला होता.

त्या फुल्यांसाठीच मी दोन रविवार घातले. लेव्हल बनवणारा फुकट राबत नसतो. मोबदला म्हणून तो प्रेक्षक मागतो. तो तुम्ही देऊ शकत असाल तर तुमचा धंदा चालेल, नाहीतर जगातला सर्वोत्तम एडिटरही तुम्हाला वाचवणार नाही.

दिवाळीचा किल्ला आठवा. माती कालवायची, पोती टाकायची, अळीव पेरून हिरवळ काढायची, वर महाराज आणि बुरुजावर मावळे. एवढं सगळं पोरं करतात ते संध्याकाळी गल्लीतले लोक बघायला येतात म्हणून. ज्या सोसायटीत कुणी बघायला फिरकत नाही तिथे पुढच्या वर्षी किल्ला होत नाही. आणि या सगळ्यात पैसे कोण कमावतो? पोरं नाहीत. मावळे विकणारा.

निन्टेंडोने मारिओ मेकर २०१५ मध्ये काढला, वी यू या मशीनवर. ते मशीन जेमतेम १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकलं गेलं, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने पडलंच. त्यावर हा गेम मात्र ४० लाख विकला. २०१९ चा दुसरा भाग स्विच या त्यांच्या पुढच्या मशीनवर ८० लाखांच्या वर गेला. आता म्हणाल, मग हाच की पुरावा! पण मारिओ कसा पळतो, उडी किती लांब जाते, कासवावर पाय पडला की काय होतं, हे जगभरच्या पोरांना तीस वर्षांपासून पाठ होतं. एडिटर हातात आला तेव्हा भाषा आधीच येत होती, फक्त लिहायचं बाकी होतं. तरीही दुसऱ्या भागात निन्टेंडोने स्वतः बनवलेल्या १०० हून जास्त लेव्हलचा स्टोरी मोड घातला. ज्यांच्याकडे मारिओ आहे त्यांनाही फक्त खेळाडूंच्या भरवशावर राहावंसं वाटलं नाही, ही गोष्ट लक्षात घ्या.

शिवाय एवढी गर्दी असूनही त्यांच्याकडे प्रेक्षक पुरले नाहीत. पहिल्या भागात बनवणाऱ्याशिवाय कुणीच पार न केलेल्या लेव्हलचा इतका मोठा ढीग साचला की त्या एकेक करून संपवण्यासाठी 'टीम झीरो पर्सेंट' नावाचा खेळाडूंचा गट उभा राहिला. एप्रिल २०२४ मध्ये वी यूचे सर्व्हर बंद होणार होते, त्याआधी सगळ्या संपवायच्या अशी धडपड. शेवटी 'ट्रिमिंग द हर्ब्स' नावाची एकच उरली. सगळे तिच्यामागे लागले आणि मार्चमध्ये बनवणाऱ्याने कबूल केलं की त्याने ती हाताने नव्हे, बटणं आपोआप दाबणारं टूल वापरून पार केली होती. तरीही सर्व्हर बंद व्हायच्या आत एकाने ती हाताने पार केलीच. हौसेला मोल नसतं ते असं. (ही भानगड मी रात्री जागून बघितली आहे, ऑफिसला उशीर झाला होता.)

तुमच्यासारख्या दोघांना निन्टेंडोपेक्षा जवळचं उदाहरण म्हणजे जॉमेट्री डॅश. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला या एका माणसाने २०१३ मध्ये काढलेला गेम. एक चौकोन, एक बोट, गाण्याच्या ठेक्यावर उड्या. थोड्या पैशांना पूर्ण गेम आणि फुकटात छोटी 'लाइट' आवृत्ती. त्याने स्वतः बनवलेल्या मुख्य लेव्हल आजही विशी-बाविशीतच आहेत, पण त्यातली पहिली लेव्हल खेळा म्हणजे कळेल: काही सेकंदांत बोटाला गेम समजतो. बाकीचा सगळा डोंगर खेळाडूंनी उभा केलाय. २.१ हे अपडेट जानेवारी २०१७ मध्ये आलं आणि २.२ थेट डिसेंबर २०२३ मध्ये. जवळजवळ सात वर्षं मोठं अपडेट नाही! दुसरा कुठला मोबाइल गेम असता तर त्याचं तेरावंही उरकलं असतं. इथे लोक एकमेकांच्या लेव्हल खेळत राहिले आणि २.२ आल्यावर सगळे पुन्हा धावत आले. इथेही स्वतः पार केल्याशिवाय लेव्हल चढत नाही, आणि चांगल्या लेव्हल निवडून वर आणायची पद्धत आहे. निवडलं जाणं हाच तिथला पगार.

निवड हा या धंद्याचा कणा आहे, आणि नवखे लोक नेमकं तेच शेवटी ठेवतात. नाडेओ या फ्रेंच कंपनीच्या ट्रॅकमेनिया या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये २०२० पासून रोज एका खेळाडूचा ट्रॅक 'ट्रॅक ऑफ द डे' म्हणून लागतो. त्या दिवशी जगभरचे लोक त्याच ट्रॅकवर घासतात आणि संध्याकाळी त्यावरच स्पर्धा होते. लाखो ट्रॅक पडलेले असताना सगळी गर्दी एका दिवसापुरती एकाच दारात नेऊन उभी करायची. करायला फार खर्च येत नाही आणि बनवणाऱ्याला वर्षभराचं बळ मिळतं.

ही कल्पना नवी अजिबात नाही. १९८३ च्या लोड रनरमध्ये एडिटर होता, पण सोबत कंपनीच्या स्वतःच्या १५० लेव्हलही होत्या. पुढच्या वर्षीचा चॅम्पियनशिप लोड रनर चाहत्यांनी पाठवलेल्या लेव्हलमधून बनला. इथेही क्रम तोच, आधी आपलं ताट वाढायचं, मग लोकांना डबा आणायला सांगायचं.

आता पडलेल्यांबद्दल. मायक्रोसॉफ्टचा प्रोजेक्ट स्पार्क, खेळाडूंनीच गेम बनवायचा गेम, २०१४ मध्ये आला, २०१६ मध्ये गुंडाळला. मीडिया मॉलिक्यूल या कंपनीचा, लेव्हल आपण बनवायचा लिटलबिगप्लॅनेट २००८ मध्ये आला तेव्हा गाजला, इतका की सोनीने २०१० मध्ये कंपनीच विकत घेतली. पण त्याच लोकांचा ड्रीम्स २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याचं पुढचं काम थांबलं. ड्रीम्सइतकं ताकदीचं साधन मी तरी पाहिलेलं नाही. त्यात लोकांनी मूर्ती घडवल्या, गाणी केली, आख्खे गेम केले. पण गेम फक्त प्लेस्टेशनवर, आणि तिथे केलेलं विकून चार पैसे मिळवायची सोय नाही. विकत घेणाऱ्याला कळेना की आपण खेळ घेतोय की हत्यारांची पेटी. लिटलबिगप्लॅनेटचे उरलेले सर्व्हरही २०२४ मध्ये कायमचे गेले आणि लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं काम त्यांच्यासोबत गेलं. तुमच्या हिशोबाच्या वहीत हा खर्च आहे का? गेम एकदाच विकायचा आणि सर्व्हर मात्र कायम पोसायचा, हे गणित पाचव्या वर्षी अंगावर येतं.

"मग रोब्लॉक्स?" असं तुम्ही म्हणणारच. तिथे गेम फुकट, सगळं जग खेळाडूंनी बनवलेलं, आणि पैसा रोबक्स या त्यांच्या नाण्यातून. सुरुवातीचे क्रॉसरोड्ससारखे नकाशे मात्र त्यांनी स्वतःच बनवले होते, हे विसरू नका. २०२४ मध्ये त्यांची कमाई ३६० कोटी डॉलर होती, बनवणाऱ्यांना ९० कोटी डॉलरहून जास्त दिले, आणि तरीही कंपनी त्याच वर्षी ९० कोटी डॉलरहून जास्त तोट्यात. २००६ पासून चालू आहे हे दुकान.

बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. बरीच वर्षं हा भाव होता: पोराने सुमारे ५ डॉलर देऊन ४०० रोबक्स घ्यायचे. ते त्याने तुमच्या गेममध्ये उडवले की ३० टक्के रोब्लॉक्सचे, तुमच्या हाती २८०. ते डॉलरमध्ये वळवायचा दर रोबक्समागे ०.००३५ डॉलर, म्हणजे साधारण ९८ सेंट. पाचातला एक. मधल्या चारांत अ‍ॅप स्टोअरचा वाटा, सर्व्हर आणि पोरांनी काय बनवलंय ते तपासणारी फौज, हे सगळं येतं. ती फौज ठेवूनही मुलांच्या सुरक्षिततेवरून ऑगस्ट २०२४ मध्ये तुर्कस्तानने रोब्लॉक्स बंद केला. तुमच्याकडे तपासायला कोण आहे? तुम्ही आणि मित्र, रात्री अकरानंतर. लोक काय काय बनवून चढवतात त्याचा अंदाज तुम्हाला नसेल. मला विटांमध्ये बदाम दिसला, मी नशीबवान.

आपल्याकडची पोरं हे करत नाहीत असं नाही. माझा भाचा नाशिकला असतो, सातवीत आहे. फ्री फायर मॅक्स या गोळीबाराच्या मोबाइल गेमच्या क्राफ्टलँडमध्ये तो नकाशे बनवतो, आणि वर्गातली पोरं ते खेळतात. "मामा, आज अकरा जणांनी खेळला," असं फोन करून सांगतो. पण तो तिथे आला गोळीबारासाठी. नकाशे बनवायची खोली भरलेल्या घराला नंतर जोडलेली आहे, आणि बीजीएमआय या तशाच गेमच्या वर्ल्ड ऑफ वंडरचंही तेच. रिकाम्या घरात नुसती ती खोली असती तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी परत आला नसता.

तेव्हा तुम्ही काय करावं? माझं मत विचाराल तर एडिटरचं काम दोन-तीन महिने बाजूला ठेवा. स्वतः ३० लेव्हल बनवा, पण त्याच एडिटरमध्ये बनवा. तो कुठे बोटाला टोचतो ते पहिल्या पाचातच कळेल. या ३० वर गेम विकता आला पाहिजे. नाही विकला गेला तर खेळाडूंच्या ३० हजारांवरही विकला जाणार नाही. मग अपलोड उघडा, स्वतः पार करायची अट घाला, माणशी आठ-दहा लेव्हलची मर्यादा ठेवा (निन्टेंडोनेही पहिल्यांदा दहाच दिल्या होत्या) आणि रोजची एक लेव्हल तुम्ही स्वतः खेळून निवडा. यंत्रावर सोपवू नका, सुरुवातीला तरी. पहिल्या शंभर जणांच्या लेव्हल तुम्ही दोघांनीच खेळायच्या आणि आपल्या फुल्या तिथे पाडायच्या. सुरुवातीचा प्रेक्षक तुम्हीच.

किंमत एकदाच घ्या, हजार रुपयांच्या बरीच खाली ठेवा, आणि त्यातला काही भाग सर्व्हरसाठी आजच वेगळा काढा.

३० पैकी दहा झाल्या की लिंक टाका इथे. भाच्याला देतो. तो दीड मिनिटात सांगतो, आणि मुलाहिजा ठेवत नाही.