वजा एक सेकंद येतो कुठून?

प्रश्न : २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी पडेल, याची दोन उत्तरं आली : ५ आणि −१. ऋण उत्तर सोडून द्या म्हणतात. पण ते आलं कुठून? आणि दरवेळी एक उत्तर सोडायचंच का?

उत्तर : फेकल्यापासूनचे सेकंद क्ष मानू, गुरुत्वत्वरण १० धरू. मग उंची = २५ + २०क्ष − ५क्ष². जमिनीवर उंची शून्य, म्हणून क्ष² − ४क्ष − ५ = ०, म्हणजेच (क्ष − ५)(क्ष + १) = ०.

समीकरणाला गच्ची ठाऊक नसते, फक्त वक्र ठाऊक असतो. तो मागे वाढवला की फेकण्याच्या १ सेकंद आधी जमिनीला टेकतो. त्या क्षणी कुणी जमिनीवरून ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने चेंडू उडवला असता, तर सेकंदाभरात तो ३० − ५ = २५ मीटरवर, नेमका २०च्या वेगाने पोचला असता. तसं घडलेलं नाही, म्हणून −१ बाद. पण त्याआधी ताळा करून घ्या : मुळांची, म्हणजे दोन्ही उत्तरांची, सरासरी २ सेकंद, आणि चेंडू शिखरावर असतो तोही तेव्हाच.

दरवेळी एक उत्तर सोडणं मात्र चूक. तोच चेंडू जमिनीवरून फेकला तर १५ मीटरवर कधी असेल? क्ष² − ४क्ष + ३ = ०, उत्तरं १ आणि ३. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना, दोन्ही खरी. २५ मीटर विचारलं तर विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) १६ − २० = −४, म्हणजे उत्तरच नाही. चेंडू २० मीटरच्या वर जातच नाही.

हाच −४ गच्चीच्या गणितातही पुष्कळांना भेटतो. गच्चीला शून्य मानलं की जमीन −२५ वर येते. तिथे +२५ लिहिलं की उत्तर गायब! (९.८ घेतलंत तर अवयव पडत नाहीत, सूत्राने ५.०८ सेकंद येतात.)

प्रश्न : चेंडू २०च्याच वेगाने फेकून २० मीटर दूर, १० मीटर उंचीवरची खूण गाठायची आहे. कोन कसा काढू?

उत्तर : इथे अज्ञात काळ नाही, कोनाचा टॅन (फेकतानाचा उभा वेग ÷ आडवा वेग) आहे. त्याला य म्हणा. काळ = अंतर ÷ आडवा वेग, हे उंचीच्या सूत्रात घातलं की १० = २०य − ५(१ + य²), म्हणजे य² − ४य + ३ = ०. य = १ किंवा ३ : कोन ४५° किंवा सुमारे ७१.६°. पहिल्याने १.४१ सेकंद लागतात, दुसऱ्याने ३.१६. मध्ये छत असेल तर पहिलाच घ्या.