जुन्या गाडीचा टाकीतला पंप बदलावा, की गाडीच बदलावी?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली पेट्रोलवर चालणारी गाडी १४ वर्षांची असून तिचे १,६०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. ती भर रस्त्यात बंद पडली, टो करून गॅरेजमध्ये न्यावी लागली आणि ‘टाकीतला फ्युएल पंप गेला’ असे मेकॅनिकने सांगितले. पंपाची पूर्ण असेंब्ली (पंप, त्याचा सांगाडा, जाळी आणि इंधनाचा काटा हलवणारा फ्लोट असा एकत्रित संच) बदलण्याचा खर्च गाडीच्या आजच्या विक्रीमूल्याच्या सहाव्या हिश्शाइतका येतो, म्हणून घरातील मंडळी गाडी आहे त्या स्थितीत विकून कर्जावर नवी घ्या असे म्हणत आहेत. नव्या गाडीसाठी ६० महिन्यांचे कर्ज असेल आणि दुरुस्तीचा एकूण अंदाज त्या कर्जाच्या दीड हप्त्याएवढा आहे, हे आपण लिहिलेत ते फार उपयोगी पडले. कारण विक्रीमूल्याशी केलेली तुलना या निर्णयात जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि हप्त्याशी केलेली तुलनाही थोडी दुरुस्त करूनच वापरावी लागते.

विक्रीमूल्य म्हणजे दुसऱ्या कोणाला ही गाडी किती मोलाची वाटते त्याचा आकडा. आपला प्रश्न निराळा आहे. पुढची काही वर्षे आपल्याला ये-जा करायची आहे आणि ती सोय कोणत्या मार्गाने कमी खर्चात मिळेल, हे ठरवायचे आहे. शिवाय बंद गाडी विकायला काढली की घेणारा केवळ पंपाचा खर्च वजा करत नाही. सुरूच होत नसलेल्या गाडीत आणखी काय बिघडले असेल याचा अंदाज त्याला येत नाही, म्हणून तो त्या शंकेपोटीही किंमत पाडून मागतो. त्यामुळे गाडी विकायचे ठरले तरी बहुधा ती चालू करून विकणेच फायद्याचे ठरते.

आता हप्त्याचे गणित पाहू. दीड हप्त्याची दुरुस्ती, म्हणजे गाडी दीड महिना चालली की पैसे वसूल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यात जुन्या गाडीला झुकते माप मिळते. हप्त्याचा काही भाग मुद्दल फेडतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडे एक वस्तू उभी राहते. खरा खर्च म्हणजे कर्जावरील व्याज, नव्या गाडीच्या मूल्यात पहिल्या काही वर्षांत वेगाने होणारी घसरण आणि वाढलेला विमा हप्ता. हा सर्व खर्च हप्त्याच्या निम्माच आहे, असे नव्या गाडीच्या बाजूने मोठ्या मनाने धरू. तसे धरले तर दुरुस्तीचे पैसे तीन महिन्यांत वसूल होतात. याखेरीज वर्षभरात क्लच, सस्पेन्शन, टायर असे आणखी तीन हप्त्यांएवढे काम निघाले, तर एकूण साडेचार हप्ते होतात आणि वसुलीला नऊ महिने लागतात. म्हणजे गाडी आणखी वर्षभर जरी धड चालली, तरी दुरुस्तीचे पारडे जड राहते.

तथापि पैसे देण्याआधी निदान पक्के करून घ्या, हा या पत्रातील माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. आपण लिहिता की किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून येणारा ‘घूं’ असा आवाज येत नाही आणि सेल्फ लागूनही इंजिन पेट घेत नाही, एवढ्यावरूनच पंपावर शिक्का बसला. आवाज न येण्याचे कारण पंप असू शकते. पण फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा विद्युत स्विच), गंजलेला कनेक्टर किंवा सुटलेली अर्थची वायर हीही कारणे असू शकतात, आणि त्यांची दुरुस्ती असेंब्लीच्या तुलनेत किरकोळ असते. मेकॅनिकला तीन गोष्टी करायला सांगा. तशाच दुसऱ्या रिलेने अदलाबदल करून पाहावी. सेल्फ मारताना पंपाच्या कनेक्टरवर त्या क्षणी बॅटरीवर असलेल्या व्होल्टेजच्या जवळपास व्होल्टेज पोहोचते का आणि अर्थ नीट आहे का, हे मोजावे. आणि इंधनाच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, गेज लावून दाब पाहावा. बहुतेक मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या आसपास असतो, मात्र आपल्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा. वीज आणि अर्थ दोन्ही व्यवस्थित पोहोचत असूनही पंप फिरत नसेल, तरच तो गेला असे म्हणता येईल. या तपासणीची मजुरी वेगळी द्यावी लागली तरी जरूर द्या. चुकीचा भाग बदलण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

पंपच गेला असेल तर दुसरा प्रश्न स्वस्त पर्यायाचा. आपल्याला मिळालेला अंदाज १०० धरला, तर त्यात ४५ मजुरी आणि ५५ मूळ कंपनीची असेंब्ली आहे. दुसऱ्या गॅरेजने अनोळखी बनावटीचा सुटा पंप २५ मध्ये देऊ केला आहे. म्हणजे मजुरीसह ७०, आणि बचत ३० ची. हा पंप पुन्हा गेला, तर वॉरंटीत नवा भाग फुकट मिळेलही, पण टाकी पुन्हा उतरवण्याचे ४५ आणि टोइंगचे समजा १५ असे ६० आपल्याच खिशातून जातील. याचा अर्थ, तो पंप पुन्हा बिघडण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल, तर निव्वळ हिशेबाने स्वस्त पंपच परवडतो. हे उत्तर मलाही फारसे रुचत नाही, पण आकडे तसे सांगतात. मात्र आपण रोज पहाटे एकट्याने महामार्गावरून जाता. वेगात असताना इंजिन बंद पडण्याची जोखीम त्या ६० मध्ये मी धरलेलीच नाही. शिवाय वॉरंटी तीनच महिन्यांची आहे. त्यानंतर पंप गेला तर भागाचे पैसेही पुन्हा द्यावे लागतील. म्हणून मी मधला मार्ग सुचवतो. जुन्या असेंब्लीचा सांगाडा आणि इंधनाचा काटा हलवणारा फ्लोट शाबूत असेल, तर नामांकित उत्पादकाचा सुटा पंप त्यातच बसवावा आणि सोबत तळाची जाळी व झाकणाचे सील नवे घालावे. वॉरंटीत मजुरी धरली आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. मजुरी ४५ आहे त्यावरून टाकी खाली उतरवावी लागते असे दिसते. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते आणि काम तिथूनच होते, तेव्हा आपल्या गाडीत तशी सोय नाही ना, एवढे विचारून घ्या.

पंप कशाने गेला, याचाही खर्चाशी थेट संबंध आहे. हा पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलमुळे थंड राहतो. काटा कायम तळाशी ठेवून गाडी चालवली की तो तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. गाळाने भरलेली जाळी, तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतला गंज असेल, तर नव्या पंपावरही तोच ताण येईल. टाकी उघडलेली असताना आतला तळ आपल्यादेखत पाहून घ्यावा.

आपले बंधू हे काम घरीच करून मजुरी वाचवू पाहतात. त्यांना माझा विरोध आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेटते. शिवाय ४० लिटर पेट्रोलचेच वजन सुमारे ३० किलो भरते. यात ४५ वाचतात खरे, पण सील तिरके बसले तर गळतीचा धोका रोज मागच्या सीटखाली राहतो.

पैसे कोठून काढायचे? आपल्या आपत्कालीन निधीत चार महिन्यांचा घरखर्च आहे आणि ही दुरुस्ती त्याचा ८ टक्के भाग खाईल. हा निधी अशाच प्रसंगासाठी असतो, तेव्हा तो निःसंकोच वापरा. क्रेडिट कार्डावर रक्कम थकवत ठेवू नका आणि दीर्घ मुदतीची गुंतवणूक मोडू नका. विम्यावरही भिस्त ठेवू नका, कारण सर्वसाधारण वाहन विम्यात यांत्रिक व विद्युत बिघाड सहसा वगळलेले असतात. पुढच्या महिन्यापासून नव्या गाडीच्या हप्त्याचा एक चतुर्थांश वेगळ्या खात्यात टाकत गेलात, तर आधी ८ टक्के भरून निघतील आणि पुढे तीच रक्कम जुन्या गाडीच्या दुरुस्त्यांसाठी किंवा नव्या गाडीच्या आगाऊ रकमेसाठी साठत जाईल.

हा सर्व विचार गाडीचा बाकी देह ठीक आहे, या गृहीतावर उभा आहे. म्हणून गाडी लिफ्टवर असतानाच, भागाची ऑर्डर देण्यापूर्वी, खालच्या सांगाड्याचा गंज, इंजिनाचे कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब) व ऑइल खाण्याचे प्रमाण आणि गिअरबॉक्सची स्थिती पाहून घ्यावी. सांगाडा कुजला असेल किंवा इंजिन उघडावे लागणार असेल, तर वरचे नऊ महिन्यांचे गणित मोडते. तेव्हा मात्र कंपनीची असेंब्ली न घालता स्वस्त पंपावर गाडी चालू करावी, घेणाऱ्याला पंप आणि इतर दोष दोन्ही स्पष्ट सांगावेत आणि ती विकून टाकावी.