दादर गेलं

दादर (पूर्व),
रविवार, सकाळ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोबाइलवर आलं तरी मी त्याला पत्रच म्हणणार, कारण त्यात पश्चात्ताप भरपूर आहे. वर्षाला चोवीस पुस्तकं वाचायचं ठरवलं होतंस, ऑगस्ट उजाडला आणि नऊच झाली. त्यातली तीन अगदी बारकी होती, हेही तू कबूल करून टाकलंस. सिनेमांची यादी तुंबलेय, सेव्ह करून ठेवलेली गाणी तशीच पडलीत. आणि शेवटी, 'काका, तुम्ही हल्ली काय वाचताय, काय बघताय? एक नीट यादी द्या.'

यादी देत नाही. माझं हल्ली काय चाललंय ते सांगतो, त्यातून हवं ते उचल.

गेल्या महिन्यात वाचनालयातून एक जुनी कादंबरी आणली. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिची प्रुफं १९८४ साली मीच तपासली होती आणि पान ११२वर 'दिनवाणा' छापलंय. पहिली वेलांटी. माझ्या हातून सुटलेली.

त्या काळी खिळे जुळवून छपाई व्हायची. गॅलीच्या, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या मजकुराच्या, लांबच लांब पट्ट्या यायच्या, हाताला शाई लागायची. शेजारी कॉपी होल्डर मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि मी ओळीखाली पट्टी धरून पेन्सिल चालवायचो. या धंद्यातली एक मेख आहे. अर्थ लागायला लागला की चूक दिसेनाशी होते. डोळा चुकलेला शब्द परस्पर दुरुस्त करून पुढे सरकतो. म्हणून आम्ही अर्थाकडे पाठ फिरवायला शिकलो. शीर्षकं तर मी उलटी वाचायचो, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. चाळीस वर्षं असं केल्यावर माणसाचं काय होतं? लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्वदीर्घ बघायचे, नवऱ्यामुलाचं नाव मागाहून. हॉटेलात मेनूकार्डावरच्या 'थालिपिठा'पायी मी तुझ्या काकूची ऑर्डर खोळंबवलेली आहे. तिने ते मनात ठेवलंय.

तर तो 'दिनवाणा'. इतकी वर्षं तिथेच बसून होता. कुणा वाचकाने पेन्सिलीने पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली होती, नेमक्या आमच्या खुणेसारखी. मान खाली गेली माझी. पण त्याच हाताने (अक्षर गोल, बारीक, बहुधा बाईचं) तेरा पानं पुढे समासात लिहिलं होतं:

'दादर गेलं. भायखळा!!'

मी मोठ्याने हसलो. कल्याणकडून येणारी फास्ट लोकल असणार. दादर हुकलं की थेट भायखळा. एकशेबाराव्या पानावर वेलांटी पकडणारी बाई, एकशेपंचविसाव्या पानावर तिला दादर दिसलं नाही. तुला ठाऊक आहे दादर म्हणजे काय. सकाळी साडेआठला तिथे उतरायचं नसेल तरी लोक उतरवतात. तेवढी ढकलाढकल, 'उतरना है क्या'चा गजर, आणि ही पुस्तकात.

मधली तेरा पानं मी पुन्हा वाचली, नक्की कुठे हिची पेन्सिल गळून पडली ते बघायला. खून नाही, प्रेम नाही. दोन जावा ओटीवर बसून फणस कापतायत. हाताला, विळीला खोबरेल लावलंय. दोघींत दोन वर्षांचा अबोला आहे. धाकटी गरे काढते, थोरली आठळ्या वेगळ्या करते, आणि चीक लागलेली विळी पुसायला थोरली न बोलता आपला पदर पुढे करते. संपलं. प्रुफं तपासताना हे पान मी निदान दोनदा वाचलं असणार आणि मला त्यातला फणससुद्धा आठवत नव्हता.

आता तुझ्याकडे येतो. तू दिवसभर ऑफिसात ॲपवरची मराठी तपासतेस. 'कृपया' दोनदा आलंय का, बटणावर शब्द मावतोय का. चांगलं काम आहे, माझ्याच कुळातलं. पण संध्याकाळी तोच डोळा घेऊन तू पुस्तक उघडतेस. पिवळ्या रेघा मारतेस, संपलं की पाचापैकी तारे देतेस आणि मग पुढचं. ते वाचन होत नाही, पोरी, ती ओव्हरटाइम होते, तीही बिनपगारी. नऊ पुस्तकं झाली म्हणून खंतावलीस. त्या नवांपैकी कुठल्यात तुझं स्टेशन हुकलं ते मला कळव. एकही नसेल तर चोवीस होऊन काय करणार आहेस?

हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि तेही एका अनोळखी बाईने सांगितल्यावर. शिवाजी मंदिरात नाटक बघत होतो, बाल्कनीत. एका नटाने वाक्याचा शेवट गिळला, मी चुकचुकलो. दुसऱ्याने 'आणि' ऐवजी 'व' म्हटलं, मी पुन्हा चुकचुकलो. शेजारच्या आजीबाई वळून म्हणाल्या, 'परीक्षक आहात का हो?' म्हटलं, नाही. 'मग बघा की.' मध्यंतरात त्या बटाटेवड्याच्या रांगेत माझ्या पुढे होत्या आणि त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून तिसरी घंटा झाली की मी चष्मा पुसतो आणि मनातली पेन्सिल खिशात टाकतो. दर वेळी जमतंच असं नाही.

गाण्याच्या बाबतीत मात्र माझी जुनी खोड उपयोगी पडली. जुलैत माटुंग्याला एका छोट्या सभागृहात संध्याकाळची मैफल होती. मी अर्धा तास आधी जातो, तानपुरे लागताना ऐकायला. त्याला तिकीट नाही आणि बहुतेक लोक तेव्हा बाहेर चहा पीत असतात. गायिकेने मारवा राग घेतला. मारवा, पुरिया, सोहनी, तिन्हींचे सूर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम मुळीच नाही. तरी मारव्यात रिषभ आणि धैवतावर भार पडतो, षड्ज, म्हणजे सा, लवकर हाती लागत नाही आणि जीव टांगणीला लागतो. त्याच सुरांत गंधार-निषादाला मान दिला की पुरिया, भारदस्त, शांत. वरच्या सप्तकाकडे ओढ घेतली की सोहनी, आणि तिची वेळ उत्तररात्रीची. तीच अक्षरं, निराळे शब्द. माझ्यासारख्या माणसाला हे कळल्यावर जे काही झालं ते सांगता येत नाही. घरी चालत आलो, पाऊस होता, छत्री उघडायची राहिली. राग ओळखता येत नाहीत म्हणून तू मैफलींना जात नाहीस असं लिहिलंयस. मलाही चाळिशीपर्यंत येत नव्हते. मागच्या रांगेत बस, झोप आली तर झोप. गाण्यात लागलेल्या झोपेसारखी झोप नाही.

रेडिओ तर तुला म्हातारपणाचं लक्षण वाटत असेल. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ला, म्हणजे माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, त्यामुळे आमचं भावंडाचं नातं. मला त्यातली एकच गोष्ट आवडते: पुढचं गाणं माझ्या हातात नसतं. तुझा फोन तुला काल आवडलं तेच आज पुन्हा वाढतो, खानावळीतल्या आमटीसारखं. रेडिओवर कुणा परक्याची फर्माईश माझ्या स्वयंपाकघरात वाजते. झुमरीतलय्या हे झारखंडातलं गाव मी कधी पाहिलेलं नाही, पण तिथले लोक एके काळी इतक्या फर्माइशी पाठवायचे की ते गाव मला नालासोपाऱ्यापेक्षा जवळचं वाटतं.

रविवारी शक्य असेल तर कांगा लीग बघायला जातो. १९४८पासून चालू असलेली ही स्पर्धा, आणि ती मुद्दाम पावसाळ्यातली. तुला क्रिकेट आवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगतोय. खेळपट्टी ओली, गवत घोट्यापर्यंत. फलंदाज जीव खाऊन चेंडू मारतो, तो थोडा पुढे जाऊन चिखलात फसतो आणि दोघे तिघे क्षेत्ररक्षक तो गवतात शोधत बसतात. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा खेळाडू दुसऱ्याच्या अंपायरला खेटून उभा. गेल्या खेपेला एक बारका मुलगा पॅड बांधून दोन तास बसला होता. त्याची पाळी आली आणि पावसाची सर आली. सगळे तंबूत पळाले. तो तसाच, बॅट काखेत मारून, भिजत उभा. त्याला उद्या शतक करायचंय की काय, मला माहीत नाही. मी दहा मिनिटं त्याच्याकडे बघत राहिलो, इतकंच.

वाचायचं म्हणशील तर सध्या जुने दिवाळी अंक. रद्दीवाल्याकडून किलोवर आणतो. दिवाळी अंकाची चाल आपल्याकडे १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पाडली, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत कथा खातो आणि उरलेल्या गणपतीपर्यंत पुरवतो. जुन्या अंकांत मी आधी जाहिराती वाचतो. कुठलं केशतेल, कुठली बँक, कुणी कुणाला शुभेच्छा दिल्यात. कथा आवडली नाही तर सोडून देतो. पूर्वी सोडता यायचं नाही, पगार मिळायचा ना.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एक वेबमालिका लावून बघितली, चौथ्या भागात बंद केली. का ते विचारू नकोस, नुसतीच नाही आवडली. याउलट रात्री साडेबारापर्यंत मी जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघतो. तो एक शब्द बोलत नाही. गंजलेलं चाक काढतो, धुतो, परत बसवतो. काकूचं म्हणणं, आपल्या भिंतीवरचं घड्याळ मार्चपासून बंद आहे. मुद्दा बरोबर आहे, पण त्याने आनंद कमी होत नाही.

भायखळ्याचं राहिलंच. त्या समासातल्या बाईंनी पुढे काय केलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. उलटी गाडी पकडून दादर गाठलं असेल, उशिराचा शेरा घेतला असेल. पण समजा नसेल गाठलं? म्हणून परवा मी स्वतःच दादरला फास्टमध्ये चढलो आणि भायखळ्याला उतरलो. पूर्वेला दहा मिनिटं चाललं की राणीची बाग, आणि तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२पासूनचं. आतली लाकडी-लोखंडी नक्षी आणि मातीची चिमुकली माणसं नंतर बघ. आधी बाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीचा तो. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचं ठरलं, उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथेच राहिले आणि १९१४मध्ये जोडून त्याला पुन्हा उभं केलं. सांधे अजून दिसतात. जवळ जाऊन बघ, पोटाखालून. माझी सवय उफाळून आली, मी कुठला सांधा बरोबर बसलेला नाही ते शोधायला लागलो. एवढ्यात सहलीला आलेली चौथी-पाचवीची वरात आली आणि एक मुलगी बाईंना म्हणाली, 'बाई, हा थकलाय.' मी पुन्हा पाहिलं. खरंच थकलेला दिसत होता.

संग्रहालय बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेव.

ती कादंबरी तुझ्याकडे पाठवतोय, शेजारचा मुलगा मंगळवारी डोंबिवलीला येणार आहे त्याच्याबरोबर. वाचनालयाची तारीख बावीस आहे. तोवर अर्धीच झाली तरी परत आण, मी पुन्हा माझ्या नावावर काढून देईन. समासात काही लिहू नकोस, पुस्तक आपलं नाही. लिहिलंसच तर पेन्सिलीने, आणि बारीक.

तुझा,
काका